मंगळवारची चिंबोरी

आमच्या मशिदीत नमाज एकच असते, मतं मात्र माणसागणिक वेगळी. हे मी आतून पाहिलेलं नाही. आमच्याकडे बायका मशिदीत जात नाहीत. पण आमची ओटी आणि मशिदीचं फाटक यांच्यात एक रिक्षा जेमतेम जाईल एवढाच रस्ता आहे, त्यामुळे आतलं सगळं बाहेर ऐकू येतं. शिवाय माझा नवरा मुनाफ मशिदीच्या कमिटीवर आहे आणि त्याच्या पोटात काही राहत नाही.

पापडीच्या जरा पुढे आमचा मोहल्ला. पूर्वी इथे सगळे आम्ही कोकणी मुसलमान. मशीदही आमच्याच पणजोबा-खापरपणजोबांनी बांधलेली, हे सांगायची संधी आमचे पुरुष सोडत नाहीत. मग तिकडे वालीवला कारखाने वाढले, इकडे बिल्डिंगी उभ्या राहिल्या, आणि बिल्डिंगींबरोबर माणसं आली. कुणी आझमगढचे, कुणी बस्तीचे, दोन-चार घरं मालेगावची, आणि बेकरीवाला मोईदीन थेट केरळचा. आता जुम्म्याला मशीद भरते तेव्हा आम्ही कोकणी पहिल्या ओळीत असतो ते मानाने, संख्येने नव्हे.

आम्ही कोकणी शाफई आणि उत्तरेकडचे हनफी. धर्म तोच, पण रीत जरा वेगळी. नमाजेत इमामाने फातेहाचं पठण संपवलं की आम्ही 'आमीन' मोठ्याने म्हणतो, ते मनातल्या मनात म्हणतात. ते लोक आले तेव्हा आमच्यातले काही मुद्दाम जास्तच जोर लावायचे, आणि त्यावर पलीकडचे मनातल्या मनात जे काही म्हणायचे ते 'आमीन' नक्कीच नसायचं. दोन जुम्मे लोक एकमेकांशी नीट बोलेनात. शेवटी कमिटी बसली आणि असं ठरलं की आमीन आवाजात म्हणावं, पण फक्त शेजारच्याला ऐकू येईल इतकंच. दुसऱ्या कुठल्या मशिदीने असा ठराव केला असेल असं मला वाटत नाही. मुनाफ मात्र तो जणू आपण घटनाच लिहिली अशा थाटात सांगतो.

एका गोष्टीवर मात्र कुणाचंच दुमत नव्हतं, ती म्हणजे पेशइमामाचा डबा. इमामाला घराघरांतून आळीपाळीने जेवण जातं. प्रत्येक घराचा वार ठरलेला. सोमवार अन्सारींचा, बुधवार मोईदीनच्या घरचा, आणि मंगळवार आमचा. आमचा म्हणजे माझ्या सासूबाईंचा, कुलसुमबींचा. सगळा मोहल्ला त्यांना खाला म्हणजे मावशी म्हणतो, मी अम्मा म्हणते. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा त्यांनी मला तिजोरीची चावी दिली, कपाटाची दिली, पण मंगळवारची चूल आजपर्यंत दिलेली नाही. मी शाळेत मराठी शिकवते. अम्मांचं म्हणणं, शिकवणाऱ्या बाईने कालवणात हात घालू नये, मसाल्याला व्याकरण लागत नाही.

अम्मांचं खरं नाव झालं ते चिंबोरीच्या कालवणामुळे. त्यांचा भाऊ खाडीवरून चिंबोऱ्या आणून देतो, आणि त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात कुणी मोठ्याने बोललेलंही चालत नाही. जुने पेशइमाम दाऊदमिया श्रीवर्धनचे, आमच्यातलेच. त्यांनी अम्मांच्या हातची चिंबोरी आयुष्यभर खाल्ली आणि आयुष्यभर तिला नावं ठेवली. डबा परत यायचा तो निरोप घेऊनच. आज मीठ जास्त. आज आमसूल कमी. आज वाटण जाड राहिलं. अम्मा तणतणायच्या, "इतकं हाय तर सोता रांध म्हनावं," आणि पुढच्या मंगळवारी वाटण पाट्यावर पुन्हा एकदा फिरवायच्या. दाऊदमिया म्हातारपणामुळे गावी परत गेले, त्या दिवशी आमच्या ओटीपाशी थांबून म्हणाले, "कुलसुमबाय, मीठ शेवटपर्यंत जमलं नाही तुला." अम्मा आत जाऊन रडल्या. मीठ जमलं नाही म्हणून नव्हे, हे मलाही कळत होतं.

मग आले मौलाना फैयाज. कोकणी इमाम शोधून मिळेना. आमची पोरं बोटीवर जातात, आखातात जातात, इमामकीला कोण बसतंय? मौलाना उत्तर प्रदेशातले, बस्तीकडचे, तिशीच्या आतले, शिडशिडीत आणि इतके अदबशीर की मशिदीच्या मांजरीलाही वाट देतात. नमाजेचं शाफई वेळापत्रक त्यांनी मान्य केलं, आमीनचा ठराव मान्य केला. त्यांचा पहिला मंगळवार आला तेव्हा अम्मा ओटीवर येऊन उभ्या राहिल्या. हनफी लोकांत मासा चालतो पण चिंबोरी चालत नाही, असं त्यांनी ऐकलं होतं. म्हणून फाटकाशी उभ्या असलेल्या मौलानांना त्यांनी त्यांच्या खास हिंदीत सरळच विचारलं.

"मौलाना, तुम चिंबोरी खाता है ना?"

मौलानांनी छातीवर हात ठेवला, नजर खाली घातली आणि म्हणाले, "जी खाला, अल्लाह की हर नेमत खाता हूँ."

अम्मा माझ्याकडे वळल्या. "बघ. लोक उगाच सांगतात, हनफी लोकांचे नखरे असतात म्हनून."

डबा गेला आणि रिकामा आला. नुसता रिकामा नाही, घासून-पुसून, लख्ख. मुनाफ म्हणाला, "मौलाना जज़ाकल्लाह बोलले." म्हणजे अल्लाह तुमचं भलं करो. पुढच्या मंगळवारी तिसऱ्यांचे शिंपले गेले, तो डबाही लख्ख. मग माकूल, मग कोळंबी, मग पुन्हा चिंबोरी. दर वेळी डबा चकचकीत आणि दर वेळी जज़ाकल्लाह. अन्सारींच्या घरच्या बिर्याणीचा डबा कधी कधी अर्धा परत जातो ही बातमी मुनाफने आणल्यावर तर अम्मांना आठवडाभर वेगळं काही लागलं नाही. बाजारात, लग्नात, दवाखान्यात, जिथे बसतील तिथे त्या सांगायच्या की मौलाना उत्तरेकडचा आहे पण त्याला चव कळते.

एकदाच मला म्हणाल्या, "कायच बोलत नाय गं हा. दाऊदमिया निदान मीठ तरी काढायचे." मी म्हटलं, तक्रार नाही हे चांगलंच की. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गणितात नापास झाले आहे.

असे महिने गेले आणि रमजान आला. रोज्यात रांधायचं म्हणजे चाखता येत नाही. अम्मा नुसत्या वासावर आणि अंदाजावर मीठ घालतात आणि त्याचाही त्यांना अभिमान आहे. पहिल्या मंगळवारी चिंबोरीच केली. रोजा सुटायच्या वेळेला, मगरिबच्या आधी, मुनाफ डबा देऊन आला. रात्री तरावीहच्या नमाजेनंतर परत आणला तर डबा जड होता. अम्मांनी झाकण उघडलं. भाकऱ्या संपल्या होत्या. कालवण जसंच्या तसं होतं, वरच्या तवंगालाही कुणी बोट लावलेलं नव्हतं.

"मौलानांची तब्येत ठीक नाही म्हणे," मुनाफ म्हणाला.

"भाकऱ्या खायपुरती ठीक हाय," अम्मा म्हणाल्या. मग बोट बुडवून चाखलं. मला चाखायला लावलं. "खरं सांग, बाय."

मी खरं सांगितलं, नेहमीसारखंच झालं आहे. त्यांनी मान हलवली. "तू सून हायस. सुना खरं बोलत नाय."

दुसऱ्या मंगळवारी डबा रिकामा आला आणि अम्मांचा जीव भांड्यात पडला. पण दुसऱ्या दिवशी पहाटे, फजरच्या नमाजेच्या वेळी मशिदीतून आरडाओरडा ऐकू आला. नमाजेआधी हातपाय धुतात त्या वजूच्या हौदाशी अन्सारीसाहेब एका पायावर नाचत होते. अन्सारी म्हणजे आझमगढचे, वालीवला ज्यांचा पत्र्याच्या कपाटांचा कारखाना आहे ते, कमिटीचे खजिनदार, वजनाने आणि शब्दानेही भारी. अंधुक उजेडात त्यांच्या अनवाणी पायाला काहीतरी टोचलं होतं. उचलून पाहिलं तर चिंबोरीची भलीमोठी नांगी. आणखी दोन नांग्या चपलांच्या फळीखाली सापडल्या, आणि मशिदीच्या तिन्ही मांजरी भिंतीवर बसून मिशा पुसत होत्या.

मोहल्ल्यात चिंबोरी कुणाच्या घरी शिजली हे विचारावं लागलं नाही.

दुपारी अन्सारीसाहेब मुनाफला गाठून फार हळुवारपणे बोलले. म्हणजे त्यांच्या मानाने हळुवार, मला आतल्या खोलीत ऐकू आलं इतकंच. खालांची उम्र झाली. रोज्यात चूल फुंकायची म्हणजे कष्ट. बेचारे मौलाना तोंडाने काही बोलत नाहीत, पण जेवण मांजरीला घालायची वेळ आली म्हणजे समजून घ्यायला हवं. तेव्हा मंगळवारही आमच्या घराकडे द्या, मेरी बीवी संभाल लेगी. मुनाफ काय म्हणाला? मुनाफ म्हणाला, "बघतो." माझ्या नवऱ्याने आयुष्यात ज्या ज्या गोष्टी बघितल्या आहेत त्या सगळ्या दुसऱ्याच्या मनासारख्या झालेल्या आहेत.

अम्मांनीही ऐकलं होतं. मला वाटलं आता त्या ओटीवर जाऊन अन्सारींच्या सात पिढ्या मोजतील. पण त्या जात्याच्या खोलीत जाऊन गुडघे धरून बसल्या. मी चहाची वेळ नसताना उगाच पाणी तापवत राहिले.

मग आतूनच म्हणाल्या, "लग्न होऊन आले तवापासून मशिदीसमोर राहते. आत कवा पाय टाकला नाय. माजा डबा जातो. मंगळवारी बांग झाली की मना वाटतं, बोलावनं मना पन हाय. आता डबा नाय गेला तर मशीद मना रस्त्यापलीकडची भिंत."

मी तापलेलं पाणी उतरवलं आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले. मला अन्सारींचा राग आला, मौलानांचा त्याहून आला, आणि मुनाफचा तर नेहमीचाच.

पुढच्या सोमवारी अम्मांनी मुनाफला बोलावून सांगितलं, "काढ माजा वार. सांग त्यांना." मुनाफ या वेळी 'बघतो' म्हणाला नाही. मान खाली घालून गेला आणि दुपारच्या असरच्या नमाजेनंतर मशिदीत सांगून आला. चिंबोऱ्या घेऊन येणाऱ्या मामांना अम्मांनी दारातूनच परत पाठवलं.

त्याच संध्याकाळी अन्सारीसाहेब आमच्या ओटीवर आले. हातात खजुराचा डबा होता, कमिटीतर्फे खालांचा शुक्रिया अदा करायला. डब्याचा असा निरोप समारंभ मी पहिल्यांदाच पाहत होते. अन्सारींच्या मागे मौलाना फैयाज उभे होते, चेहरा उतरलेला. आणि त्यांच्या मागे, कुणी बोलावलेलं नसताना, स्टॅनी.

स्टॅनीचं घर मशिदीला लागूनच, मधे एक कमरेएवढी भिंत. पाण्याचे पंप दुरुस्त करतो, मशिदीचाही तोच करतो. बायको कार्मिन कुवेतला नर्स आहे, त्यामुळे हा घरी अंडी उकडून दिवस काढतो असा सगळ्यांचा समज होता.

अन्सारींनी घसा साफ केला आणि खालांनी मशिदीची केलेली खिदमत या विषयावर बोलायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील, तोच मौलाना मधेच म्हणाले, "खाला, मुझे माफ़ कर दीजिए."

"कशाला?" अम्मा पदर सारखा करत म्हणाल्या. "नाय आवडलं तर नाय आवडलं."

"मैंने कभी चखा ही नहीं," मौलाना म्हणाले. "पहले दिन से."

अन्सारींच्या हातातला खजुराचा डबा तसाच पुढे केलेला राहिला.

मग मौलानांनी सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी खालांनी विचारलं, चिंबोरी खाता का. त्यांच्याकडे त्याला केकडा म्हणतात. चिंबोरी हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. "मुझे लगा कोई तरकारी होगी. लौकी, तोरई के ख़ानदान की. मैंने हाँ कह दिया. शाम को ढक्कन खोला तो उसमें से टाँगें निकलीं."

स्टॅनी हसला आणि अम्मांनी पाहिल्यावर गप्प झाला.

"तवाच सांगायचं मना," अम्मा म्हणाल्या.

"कैसे कहता, खाला? ज़बान दे चुका था. और मैं नया था, आमीन का मामला अभी-अभी ठंडा हुआ था. मैं कहता कि ये मैं नहीं खा सकता, तो लोग कहते कि नया इमाम कोकणियों के खाने को हराम बोलता है. मंगल का झगड़ा जुमे तक चलता. और आप..." ते थांबले. "आप ओटी पर खड़ी होकर डब्बे का रास्ता देखती थीं."

या माणसाचा मला आठवडाभर राग आला होता. तो तिथल्या तिथे उतरला, आणि उतरला म्हणून स्वतःचाच थोडा आला.

अम्मांचं लक्ष मात्र दुसरीकडेच लागलं होतं. "तुमी नाय खाल्लंत. मग डबा घासून कोन पाठवायचं? खाल्लं कोनी?"

मौलानांनी स्टॅनीकडे पाहिलं. स्टॅनीने भिंतीकडे पाहिलं.

"भाकऱ्या मौलाना ठेवून घ्यायचे," तो म्हणाला. "कालवण भिंतीवरून माझ्याकडे यायचं, खाला. मौलाना बोलले, मोहल्ल्यात कुणाला दिलं तर बोभाटा होईल, तू बाहेरचा आहेस आणि आतलाही आहेस."

"चिंबोरी तू खाल्लीस?"

"हो."

"तिसऱ्या?"

"तिसऱ्या पण."

"माकूल?"

स्टॅनीने डोळे मिटून घेतले. उत्तराची गरज नव्हती.

अम्मांनी बोटांवर हिशेब जुळवला. मग त्यांना जे खरोखर विचारायचं होतं ते त्यांनी विचारलं. "मग आता काय झालं? रमजान लागल्यापासनं का नाय खाल्लंस? हात बिघडला माजा?"

"नाही हो खाला. आमचा उपवासकाळ चालू आहे ना, यंदा तुमच्या रमजानबरोबरच लागला. ईस्टरपर्यंत. फादर बोलले, प्रत्येकाने आपल्याला जे सगळ्यात जास्त आवडतं ते देवासाठी सोडा. उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी मी बसून खूप विचार केला. आधी वाटलं दारू सोडावी."

"सोडायची मग," अम्मा म्हणाल्या.

"पण देवाला फसवायचं कसं? सगळ्यात जास्त आवडतं ते खरं सांगायचं असतं." स्टॅनीने मान खाली घातली. "मी तुमची चिंबोरी सोडली."

अम्मांची कुणी तोंडावर स्तुती केली की त्यांना राग येतो. पण त्या दिवशी त्यांना तो आणताच आला नाही. त्या पदराच्या टोकाशी खेळत राहिल्या आणि मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाल्या, "दारू चालू ठेवली मेल्यानं, आनि चिंबोरी सोडली." मी तोंडावर ओढणी धरली. मला हसू येत होतं की रडू, मलाच ठरवता येईना.

"स्टॅनी ने खाना छोड़ा तो पहला डब्बा मैंने वैसे ही लौटा दिया," मौलाना अम्मांना म्हणाले. "आपका दिल दुखा, तो दूसरा बिल्लियों को दे दिया. बिल्लियों को तमीज़ नहीं थी." अन्सारींनी नकळत आपला पाय मागे घेतला.

आता खजुराच्या डब्याचं काय करावं हे अन्सारींना कळेना. तो त्यांनी पोटाशी धरला. "लेकिन खाला, मसला तो वही है. हमारे यहाँ ये सब चलता नहीं. केकड़ा, झींगा..."

"कोळंबी तुम्ही राजोडीला खाता की, शेठ," स्टॅनी म्हणाला. "किनाऱ्यावरच्या स्टॉलवर. मी पंप बघायला आलो होतो, तुम्ही दोन प्लेट मागवल्या."

अन्सारीसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला. "झींगे में," ते गंभीरपणे म्हणाले, "उलमा का इख़्तिलाफ़ है." म्हणजे कोळंबी मासा की किडा यावर जाणकारांचं अजून एकमत झालेलं नाही. तोपर्यंत एखादी प्लेट खाऊन घ्यावी, असं ते म्हणाले नाहीत, पण मला तसं ऐकू आलं.

अम्मांनी अन्सारींकडे लक्षच दिलं नाही. त्या मौलानांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. इतके महिने त्या मौलानांना 'तुम' म्हणत होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्या 'तू'वर आल्या.

"तुझी आई काय रांधते तुला?"

मौलाना गोंधळले. मग म्हणाले, "इन दिनों तो... निमोना."

"ते मानसाचं नाव हाय."

"नहीं खाला. हरे मटर पीसकर बनता है. अम्मी जाड़े में बनाती हैं. भात के साथ." एवढं सांगताना त्यांचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा झाला होता, घरून लांब आलेल्या.

"वाटान्याचं कालवन बोल ना मग," अम्मा म्हणाल्या. अन्सारींकडे वळून त्यांनी हात पुढे केला, खजुराचा डबा घेतला आणि मुनाफच्या हातात दिला. "मशिदीत ठेव, इफ्तारीला होतील. आनि मंगळवार माजा हाय. उद्या पन."

अन्सारी म्हणाले, त्यांच्या बीवीला निमोना छान येतो, ती येऊन शिकवेल. अम्मा म्हणाल्या, शुक्रिया. आमच्या घरात या शब्दाचा अर्थ नको असा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या स्वयंपाकघरात मटार सोलणं चाललं होतं. मी शाळेतून आले तोवर ते पाट्यावर वाटूनही झाले होते. आलं, लसूण, मिरची इथपर्यंत ठीक होतं. मग त्यांनी नारळ फोडला आणि खवायला विळी घेतली.

"अम्मा," मी म्हटलं, "त्यांच्यात यात नारळ घालत नसतील."

"नारळाशिवाय कालवन होतं काय? त्यांच्याकडं समुद्र नाय म्हनून नारळ नाय. आपल्याकडं हाय ना." मग दोन आमसुलंही टाकली. चाखता येत नव्हतं. वाफेवर नाक धरून डोळे मिटले, चिमूटभर मीठ घातलं, आणखी घालावं की नाही म्हणून हात थांबला, आणि राहू दिलं. डबा भरून झाकण दोनदा दाबून पाहिलं.

त्या संध्याकाळी अम्मांनी रोजा खजुराने सोडला आणि पुढे काही खाल्लंच नाही. तरावीह सुटली, लोक बाहेर पडले. मुनाफ डबा घेऊन ओटीवर आला आणि दाराशीच घुटमळला. मी डबा हातात घेतला. पुरता रिकामा नव्हता. तळाशी चांगला वाटीभर निमोना उरला होता. रमजानातल्या पहिल्या डब्यासारखा न शिवलेला नव्हे, भातात कालवून, बोटांनी निपटून, मग बाजूला सारलेला.

मी डबा लपवायच्या आत अम्मांनी तो घेतला.

"काय बोलला?" त्यांनी मुनाफला विचारलं.

"अम्मा, जाऊ दे ना."

"काय बोलला ते सांग."

मुनाफ चपलांकडे पाहत म्हणाला, "बोलले की निमोने में नारियल नहीं पड़ता. और नमक थोड़ा कम है."

अम्मांनी उरलेल्यात बोट बुडवलं, चाखलं. बराच वेळ चाखलं. मग मोरीवर जाऊन डबा स्वतः घासायला बसल्या. मी घेऊ लागले तर मला ढकललं.

"नारियल नहीं पड़ता म्हनं," त्या डब्याला सांगत होत्या. "काल आलेला पोरगा. मना शिकवतो. नमक कम हाय म्हनं." राखेने घासता घासता आवाज चढत गेला. "दाऊदमियाचा अवतारच पाठवलाय कमिटीनं. सोता रांध म्हनावं, मग कळेल." आणि हे सगळं चालू असताना त्यांचे डोळे वाहत होते आणि तोंड हसत होतं. कितीतरी महिन्यांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

डबा पुसून त्या तरातरा ओटीवर गेल्या. फाटकाशी मौलाना कुलूप लावत होते, शेजारी स्टॅनी भिंतीवर रेलून उभा होता.

"ए मौलाना," अम्मांनी रस्त्यापलीकडे हाक मारली. "पुढच्या मंगळवारी मीठ बराबर पडेल. नारळ पडनारच."

मौलानांनी छातीवर हात ठेवला. मग आमचा तो हनफी इमाम, जो महिनोन्महिने सगळं मनातल्या मनात म्हणत आला होता, इतक्या मोठ्याने "आमीन" म्हणाला की भिंतीवरच्या मांजरी उठून पळाल्या. कमिटीच्या ठरावात ते बसत नव्हतं. मुनाफनेही ते ऐकलं, आणि ठरावाचं नाव काढलं नाही.